दात नेमके कोठे झिजले?

बार्शीतील एका आडत व्यापाऱ्यांच्या घरी गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आठ वर्षे वापरलेली एक पेट्रोल मोटार आली. विकणारे गृहस्थ परके नव्हते. त्याच पेठेत चार दुकाने सोडून त्यांचे भांड्यांचे दुकान. दोन्ही घरांचा तीस वर्षांचा शेजार आणि लग्नकार्यात एकमेकांच्या पंगतीत वाढायला उभे राहण्याइतका घरोबा. त्यामुळे गाडी पाहण्याचा सोपस्कार पाच मिनिटांत उरकला. चिरंजीवांनी चावी फिरवली, इंजिन सुरू झाले, बाजारातून एक फेरी झाली आणि रक्कम ठरली. हस्तांतरणाच्या २९ व ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या झाल्या, पेढे वाटले गेले.

नवव्या दिवशी पहाटे आईंना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. चिरंजीवांनी चावी फिरवली आणि बॉनेटखालून ‘खर्रर्र’ असा, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. इंजिन फिरलेच नाही. त्यांनी दचकून चावी सोडली, पुन्हा फिरवली, आणि गाडी जणू काहीच झाले नव्हते अशी सुरू झाली. पुढे चार दिवस आवाज नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी, दुकानासमोर, दोन गिऱ्हाइकांच्या देखत पुन्हा तोच खर्रर्र.

जुनी गाडी घेणाऱ्या कुटुंबांत हा प्रसंग अपरिचित नाही, आणि त्यानंतर जे घडते तेही बहुधा सारखेच असते. जवळच्या गॅरेजवाल्याने सांगितले, ‘बॅटरी उतरली असेल.’ बॅटरी बदलली. आठवड्याने आवाज परतला. दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले, ‘सेल्फ गेला.’ सेल्फ उतरवला गेला. त्यात नवे कार्बन, नवे बुश आणि नवा बेंडिक्स बसवण्यात आला. पाच दिवस शांततेत गेले. सहाव्या दिवशी पुन्हा खर्रर्र. दोन बिले फाइलला लागली आणि दोष जागच्या जागी राहिला. एवढ्यात चिरंजीवांच्या मनाने निराळाच हिशेब मांडला. ते वडिलांना म्हणाले, “अण्णा, त्यांना हे ठाऊक होते. ठाऊक असून त्यांनी गाडी आपल्या गळ्यात मारली. मी आजच जाऊन पैसे परत मागतो.”

अण्णांनी गादीवरून मान वर केली. “आधी दोष कोठे आहे तो सापडू दे. तुला अजून आवाज कशाचा ते ठाऊक नाही, आणि माणूस कसा ते ठरवून मोकळा झालास.”

अण्णा मुलाला घेऊन कुर्डुवाडी रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. ज्या काळात ट्रकच्या पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे, त्या काळापासून हे मिस्त्री या धंद्यात होते. त्यांनी बॉनेट उघडले नाही. आधी तीन प्रश्न विचारले. आवाज येतो तेव्हा इंजिन फिरत असते की नसते? गाडी सुरू झाल्यावर आणि चावी सोडल्यावर आवाज थांबतो की चालू राहतो? आणि प्रत्येक वेळी येतो की अधूनमधून?

या तीन प्रश्नांचे मोल कळण्यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते आणि त्याच्या कडेवर दात असलेली पोलादी रिंग घट्ट बसवलेली असते. तिला साधारणपणे शंभर ते एकशे तीस दात असतात. सेल्फ म्हणजे एक छोटी पण ताकदवान विजेची मोटर. तिच्या दांड्यावर नऊ-दहा दातांचे छोटे चाक असते. गॅरेजमध्ये या चाकाला, त्याच्या एकदिशा क्लचसह, ‘बेंडिक्स’ म्हणतात. सुरुवातीच्या काळातील अशा जुळणीचे संशोधक व्हिन्सेंट बेंडिक्स यांचे नाव त्याला चिकटून राहिले आहे. चावी फिरवली की सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबक दोन कामे करतो. एका लिव्हरने तो बेंडिक्सला पुढे ढकलून रिंगेच्या दातांत बसवतो, आणि लगेच मोटरला बॅटरीचा मोठा प्रवाह जोडून देतो. साध्या पेट्रोल मोटारीतही हा प्रवाह शंभर-दोनशे अँपिअरच्या घरात जातो. इंजिन सुरू झाले, चावी सोडली, की स्प्रिंगच्या जोरावर बेंडिक्स मागे सरकतो. ही सगळी घडामोड सेकंद-दोन सेकंदांची.

ही युक्ती मोटारीत आणणाऱ्या अमेरिकन अभियंत्याची हकीकत व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स केटरिंग हे डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरीला होते. दुकानातील गल्ल्याच्या यंत्राचे हँडल हाताने फिरवावे लागे. ते विजेवर चालावे म्हणून त्यांनी एक छोटी मोटर बसवली. गल्ला क्षणभरच चालवायचा असल्याने मोटर लहान असली तरी चालते. तेवढ्या वेळापुरता तिच्यावर एरवीपेक्षा पुष्कळ अधिक भार टाकता येतो. हाच विचार त्यांनी पुढे मोटारीच्या इंजिनाला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा स्टार्टर आला. हातातील हँडल उलट फिरून मनगट मोडण्याची भीती त्यामुळे संपली. मात्र गल्ल्याच्या यंत्राची ती मर्यादा सेल्फला आजही लागू आहे. क्षणभराचे काम करण्यासाठी तो बनलेला आहे. त्याला सलग दहा सेकंदांहून अधिक रेटू नये, आणि पुन्हा चावी फिरवण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबावे.

आता मिस्त्रींचे प्रश्न. चावी फिरवल्यावर नुसती मोटर गरगरत राहते, इंजिन फिरत नाही, आणि घासल्याचा आवाजही नसतो, तेव्हा बेंडिक्समधील एका दिशेने धरणारा क्लच निसटत असतो किंवा बेंडिक्स पुढेच सरकत नसतो. ‘टक टक टक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी अशक्त असते किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा गंज चढलेला असतो. ‘टक’ असा एकच ठोका पडून शांतता पसरली तर सोलेनॉइडच्या आतील संपर्क, मोटरचे कार्बन किंवा तारांचे जोड तपासावे. गाडी सुरू झाल्यावरही खर्रर्र चालू राहिला तर प्रकरण गंभीर समजावे. बेंडिक्स मागे सरकलेला नसतो, किंवा चावीचा स्विच परत येत नसतो. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेऊ लागले आणि रिंग व बेंडिक्स यांच्या दातांचे प्रमाण बारास एक असले, तर बेंडिक्सला मिनिटाला साडेनऊ हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. तो एकदिशा क्लच मोटरला यातून वाचवण्यासाठीच असतो, पण थोड्या वेळापुरता. अशा वेळी गाडी तत्काळ बंद करावी. चावी काढूनही मोटर फिरतच राहिली, तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवण्याखेरीज दुसरा उपाय नसतो.

सेल्फशी संबंध नसलेले काही आवाजही त्याच्या नावावर खपतात. पट्टा सैल असेल तर सुरू होताना ‘चीं’ असा आवाज येतो. थंड इंजिनात टायमिंग चेनचा खडखडाट पहिली एक-दोन सेकंदे ऐकू येतो. फ्लायव्हीलजवळचा पत्रा वाकून चाकाला घासत असेल तर तो आवाज इंजिन चालू असेपर्यंत जात नाही.

राहिला तो चावी फिरवताक्षणी येणारा आणि दुसऱ्या वेळी नाहीसा होणारा खर्रर्र. याची कारणे मुख्यतः चार: बॅटरी किंवा सोलेनॉइड अशक्त असल्याने बेंडिक्स अर्धवट पुढे येणे, बेंडिक्सचे दात झिजणे, सेल्फचे बोल्ट सैल होऊन तो तिरका बसणे, आणि रिंगेचे दात झिजणे. पहिल्या तिघांचा इलाज बाहेरून होतो. चौथ्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि खर्च एकदम वाढतो. म्हणूनच की काय, त्याचे नाव कोणी आधी घेत नाही. गिऱ्हाइकाला जड वाटणारे निदान उशिरा सांगण्याची रीत केवळ गॅरेजमध्येच आहे असेही नाही.

बॅटरीचा प्रश्न खरे तर दहा मिनिटांत आणि एका साध्या मीटरवर सुटतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२ च्या आसपास आले तर जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. यातले काहीही न मोजता या कुटुंबाला नवी बॅटरी देण्यात आली होती.

मिस्त्रींचा तिसरा प्रश्न, आवाज प्रत्येक वेळी येतो की अधूनमधून, सर्वांत कळीचा होता. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना कोठेही थांबत नाही. सिलिंडरमध्ये दाबली जाणारी हवा त्याला अडवते आणि ते फेऱ्याच्या दोनच ठिकाणांच्या आसपास, एकमेकांच्या समोरासमोर, विसावते. तीन सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा तीन असतात. याचा अर्थ असा, की बेंडिक्सचे दात रिंगेच्या त्याच त्या थोड्या भागावर वर्षानुवर्षे आदळत राहतात. बाकीची रिंग नव्यासारखी राहते आणि तेवढाच भाग खाल्ला जातो. बेंडिक्सचा मात्र तोच एक तुकडा दर वेळी पुढे येतो. तो बिघडला असेल तर इंजिन कोठेही थांबलेले असो, आवाजाचा संभव सारखाच राहील.

“मग हे ओळखायचे कसे, मिस्त्री?” अण्णांनी विचारले.

“शेठ, तुमच्या दुकानात व्हाइटनर आहे ना? ते आणा.”

इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला पट्टे फिरवणारी पुली असते. ती आणि फ्लायव्हील एकाच क्रँकशाफ्टवर बसलेले असल्याने दोन्ही बरोबरीने फिरतात. एक कोठे थांबले ते पाहिले की दुसऱ्याचा ठाव कळतो. मिस्त्रींनी पुलीच्या कडेवर व्हाइटनरचा एक ठिपका दिला आणि सांगितले, “चावी खिशात ठेवायची. गाडी सुरू करण्याआधी टॉर्च मारून ठिपका घड्याळात किती वाजता आहे ते बघायचे आणि लिहायचे. हात आत घालायचा नाही, पंखा आपोआप फिरू शकतो. मग सुरू करायची आणि आवाज आला की नाही ते लिहायचे. मला पंधरा दिवसांनी दाखवा.”

चिरंजीवांना हा प्रकार वेळकाढूपणाचा वाटला. अण्णांना मात्र तो मनापासून पटला. त्यांनी जुन्या रोजकीर्दीचे एक कोरे पान काढून रकाने आखले: वार, वेळ, इंजिन गार की गरम, ठिपका, आवाज. नोंदीचे काम त्यांनी मुलाकडे दिले नाही. पहाटे स्वतः टॉर्च घेऊन उभे राहू लागले. शेजाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा ‘गाडीचा हिशेब लिहितो आहे’ एवढेच उत्तर मिळे.

अठरा दिवसांत एकेचाळीस नोंदी झाल्या. ठिपका बहुतेक वेळा दोनच्या किंवा आठच्या आसपास सापडला. म्हणजे समोरासमोरच्या दोन जागा मिस्त्री म्हणाले तशाच होत्या. खर्रर्र सहा वेळा झाला. या सहाही नोंदींत ठिपका पावणेआठ ते आठ यांच्या मध्ये होता. दोनच्या बाजूला एकदाही आवाज नव्हता. सहापैकी तीन वेळा इंजिन गार होते, तीन वेळा गरम. म्हणजे थंडीचा आणि आवाजाचा संबंध नव्हता. अण्णांनी त्या सहा ओळींखाली लाल शाईने रेघा ओढल्या आणि पान मुलापुढे ठेवले. चिरंजीव वाणिज्य शाखेचे पदवीधर आहेत. त्यांनी पान दोनदा वाचले आणि मग स्वतःच गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी एवढ्यावर विसंबून गिअरबॉक्स उतरवला नाही, ही गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी आहे. त्यांनी पान्याने क्रँक फिरवून ठिपका पावणेआठावर आणला, पाना काढून घेतला आणि चावी फिरवायला सांगितली. खर्रर्र. मग ठिपका दोनवर आणला. गाडी निमूट सुरू झाली. हा प्रयोग तीनदा झाला आणि तिन्ही वेळा तेच घडले. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. हे पहिले काम; कारण सेल्फकडे जाणारी जाड तार चावी काढल्यावरही जिवंत असते आणि पाना चुकून दुसऱ्या धातूला टेकला तर हात भाजतो. सेल्फ उतरवून मोकळ्या झालेल्या भोकातून टॉर्च मारला आणि क्रँक हळूहळू फिरवला. एकामागून एक सरळ, धारदार दात पुढे येत गेले. मग चार-पाच दात असे आले, की त्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या गोल झाल्या होत्या. नव्या बेंडिक्सच्या दातांवरही महिनाभरातच ओरखडे उठले होते. झिजलेल्या रिंगेवर नवा बेंडिक्स घातला की तोही तिच्या वाटेने जातो.

खरी उकल पुढे होती. सेल्फ धरून ठेवणारे दोन बोल्ट मिस्त्रींनी हातावर ठेवून दाखवले. एक कंपनीचा होता. दुसरा कोणत्या तरी दुसऱ्याच गाडीचा, लांबीला जास्त, आणि ती लांबी भरून काढायला त्याच्याखाली दोन वॉशर घातलेले. त्याचे आटे निम्मे झिजले होते. या बोल्टमुळे सेल्फ किंचित तिरका बसे आणि बेंडिक्सचे दात रिंगेच्या दातांत पूर्ण खोलीपर्यंत न जाता कडेवरच घासत. मिस्त्री म्हणाले, “हा बोल्ट जुना आहे, शेठ. यावरचा मळ बघा. तुमच्या सेल्फवाल्याने तोच परत लावला, पण आणला त्याने नाही. कधी तरी गिअरबॉक्स उतरलेला असणार.”

आता भांड्यांच्या व्यापाऱ्यांकडे जाणे भाग होते. पण जाण्याचा सूर बदलला होता. अण्णा मुलाला बरोबर घेऊन गेले, चहा झाला, आणि त्यांनी एवढेच विचारले, “गाडीचा गिअरबॉक्स कधी उतरवला होता का?” त्या गृहस्थांनी कपाटातून गाडीची फाइल काढली. तीन वर्षांपूर्वीचे क्लचप्लेट बदलल्याचे बिल त्यात होते. सेल्फ गिअरबॉक्सच्या तोंडाशीच बोल्टने बसवलेला असतो. क्लचचे काम करताना तो काढावाच लागतो. तेव्हा मूळ बोल्ट हरवला आणि हाताला लागला तो बसवला गेला. ज्या गॅरेजमध्ये हे झाले ते मध्यंतरी बंद पडले आहे.

“आवाजाचे म्हणाल तर,” ते गृहस्थ म्हणाले, “कधी तरी यायचा. दुसऱ्या चावीला गाडी सुरू व्हायची. वर्षभर असेच चालले होते. सवय झाली, त्याला दुखणे समजलोच नाही. सांगायला हवे होते, सुचले नाही. तुम्हाला गाडी नको असेल तर आजच्या आज ठरल्या रकमेला परत घेतो.”

कायद्याने पाहता हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये जाणूनबुजून वस्तुस्थिती दडवणे याला कपट म्हटले आहे. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार केवळ मौन हे, बोलणे कर्तव्यच असल्याची परिस्थिती नसेल तर, कपट ठरत नाही. शिवाय कलम १९ च्या अपवादानुसार, ज्याला सामान्य सावधगिरीने सत्य शोधता आले असते, त्याला मौनाच्या आधारे करार रद्द करून मिळत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १६ सुद्धा गुणवत्तेची अध्याहृत हमी सरसकट देत नाही. त्यातील मुख्य अपवाद त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यांसाठी आहेत. जुन्या गाड्यांचा व्यापारी आणि स्वतःची गाडी विकणारा शेजारी यांच्या जबाबदाऱ्या म्हणून एका मापाने मोजल्या जात नाहीत. उद्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी रिंग झिजल्याचे ठाऊक असताना आवाज टाळण्यासाठी गाडी मुद्दाम आधी सुरू करून ठेवली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. येथे तसे काही नव्हते. आणि खरेदीच्या दिवशी चिरंजीवांनी चावी फिरवली होती ती एकदाच.

हा शेवटचा मुद्दा जुनी गाडी घेणाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावा. एका व्हाउचरवरून कोणी वही तपासल्याची सही करत नाही. एकदा चावी फिरवून मात्र लाखोंचा व्यवहार होतो. विक्रेत्याला आधी कळवून ठेवावे, की गाडी सकाळपासून सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री करावी. पहिल्या चावीचा आवाज काच खाली करून ऐकावा. मग फेरी मारून आल्यावर निदान आठ-दहा वेळा, मध्ये थोडा अवकाश ठेवून, गाडी बंद-सुरू करावी, कारण दर खेपेस इंजिन थोड्या वेगळ्या जागी थांबते. खर्रर्र आलाच आणि गाडीला साधे गिअर असतील, तर सपाट जागी इंजिन बंद ठेवून चौथ्या गिअरमध्ये ती वीतभर पुढे ढकलावी, न्यूट्रल करून पुन्हा चावी फिरवावी. चौथ्या गिअरमध्ये गाडी हातभर सरकली की क्रँकचा जवळजवळ एक फेरा होतो; वीतभराने रिंगेचा दुसरा भाग समोर येतो. एवढ्याने आवाज गेला तर बोट रिंगेकडे वळते, आणि किंमत ठरवताना गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च धरावा लागतो.

दात लवकर झिजण्यामागे चालवणाऱ्याच्या दोन सवयीही असतात. बाजाराच्या गोंगाटात इंजिन सुरू आहे हे न कळल्याने पुन्हा चावी फिरवली जाते. किंवा पहिला प्रयत्न फसल्यावर इंजिन पूर्ण थांबण्याआधीच घाईने दुसरा केला जातो. दोन्ही वेळा फिरत्या रिंगेवर बेंडिक्स जाऊन आदळतो.

अण्णांनी गाडी परत दिली नाही. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, जुनी रिंग छिन्नीने फोडून काढली, नवी रिंग तापवून फ्लायव्हीलवर बसवली. तापलेली रिंग किंचित प्रसरण पावते आणि गार होताना फ्लायव्हीलला अशी आवळते, की तिला दुसरे काही धरून ठेवावे लागत नाही. कंपनीचा बोल्ट मागवला गेला. गिअरबॉक्स खाली आलाच होता म्हणून क्लचप्लेटही तपासली; ती फार दिवसांची सोबती नव्हती, तिचीही बदली झाली.

खर्चाच्या वाटणीचा कागद अण्णांनी स्वतः केला. रिंग, बोल्ट आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी यांचा निम्मा भाग त्यांनी भांड्यांच्या व्यापाऱ्यांच्या नावे लिहिला आणि तो त्यांनी त्याच दिवशी पोचता केला. क्लचप्लेट पूर्णपणे आपल्याकडे धरली, कारण यापुढे ती आपणच वापरणार. बॅटरी आणि सेल्फ यांची दोन्ही बिलेही त्यांनी शेजाऱ्यांच्या वाट्याला घातली नाहीत. चिरंजीवांनी विचारले, “अण्णा, हे दोन खर्च तरी त्यांच्यामुळेच झाले ना?”

“त्यांच्यामुळे आवाज झाला,” अण्णा म्हणाले. “न तपासता आपण खर्च केला.” आणि त्या दोन रकमांपुढे त्यांनी खात्याचे नाव लिहिले: ‘शिकवणी’.

नव्या बेंडिक्सवर ओरखडे होते, पण ते घासून सारखे करता येण्याजोगे निघाले. तेवढे एक बिल वाचले. रोजकीर्दीच्या पानावर पुढे आणखी तीन आठवडे नोंदी चालल्या. ठिपका दोनवर आणि आठवर थांबत राहिला. आवाजाच्या रकान्यात फुल्या पडत गेल्या. पान भरले तेव्हा अण्णांनी ते घडी घालून गाडीच्या कागदपत्रांत, तीन वर्षांपूर्वीच्या क्लचच्या बिलाशेजारी ठेवले.